उजव्या दिव्यातलं पाणी

इथे भुताखेतांचे अनुभव लिहिणारे बहुतेक जण आधी सांगतात की आमचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. माझा तर अजूनही नाही. मी बीएस्सी झालेला माणूस आहे आणि धान खरेदी केंद्रावर ग्रेडर आहे. म्हणजे शेतकऱ्याने आणलेल्या धानात ओलावा किती ते मशीनने बघायचं आणि सतरा टक्क्यांच्या वर निघाला की पोतं परत पाठवायचं. ओलावा हा माझ्या भाकरीचा विषय आहे. तो कुठून येतो आणि कसा घालवायचा हे मला कोणी शिकवायची गरज नाही. म्हणून जे घडलं त्याची मला भीती कमी आणि चीड जास्त आली. भुताने भुतासारखं वागावं... चिंचेवर बसावं, पैंजण वाजवावेत. गाडीच्या हेडलाइटमध्ये पाणी भरून ठेवायचं, ही काय रीत झाली?

आमचं गाव नवेगाव बांधच्या तलावापासून चार किलोमीटरवर. घरात तेव्हा आम्ही तिघं होतो — मी, बायको सरिता आणि माझे बाबा. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. २०१२ च्या उन्हाळ्यात बाबांच्या दोन्ही किडन्या कामातून गेल्या आणि मंगळवार-शुक्रवार गोंदियाला डायलिसिस सुरू झालं. जंगलातून कोहमारा, तिथे हायवे ओलांडून पुढे गोंदिया... एका बाजूने सत्तर किलोमीटर. सकाळी आठचा नंबर, त्यामुळे साडेपाचला घर सोडायचं. एसटीने दोन वेळा नेलं तेव्हा परत येताना बाबांना बसमध्ये धड बसवतही नव्हतं. शेवटी एक सेकंडहँड छोटी पांढरी गाडी घेतली. इंजिन चांगलं, टायर चांगले, सीट चांगल्या. उजवा हेडलाइट तेवढा सोडून द्या.

ज्यांच्या घरी डायलिसिस नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. किडनी बंद पडली की पाणी लघवीवाटे जात नाही, अंगात साचतं. मशीनला लावायच्या आधी वजन करतात. मागच्या वेळेपेक्षा दोन किलो जास्त भरलं, म्हणजे दोन लिटर पाणी साचलं. मशीन तेवढं काढून घेतं. म्हणून डॉक्टरांनी बाबांना दिवसाला फक्त पाऊण लिटर पाणी ठरवून दिलं होतं, चहा आणि वरण धरून. जन्मभर बांधीत, म्हणजे धानाच्या चिखलात, रोवणी करून तांब्याने पाणी ओतून घेणारा माणूस तो. सरिता रोज एका बाटलीत मोजून पाणी भरायची आणि बाबा दिवसभर त्या बाटलीकडे बघत बसायचे.

ऑगस्टमध्ये उजव्या हेडलाइटमध्ये पहिल्यांदा वाफ दिसली. पावसाळा आहे, येणारच. मी लक्ष दिलं नाही. चार दिवसांनी बघतो तर काचेच्या आत थेंब, आणि खाली बोटभर पाणी. पहाटे जंगलातून जाताना डावीकडे उजेड आणि उजवीकडे नुसता पिवळा गोळा. त्या रस्त्यावर कधी रानडुक्कर आडवं येतं तर कधी चितळांचा कळप. कोहमाऱ्याला राजूभाई मिस्त्रीकडे गाडी दाखवली. राजूभाई मूळचा गोंदियाचा, गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारा. त्याने दिवा काढला, काच उघडली, पुसली, वाळवली, सिलिकॉन लावून बंद केली. म्हणाला की आता पाच वर्षं बघायचं काम नाही. तिसऱ्या दिवशी पाणी.

मग गावातल्या प्रत्येकाने मला अक्कल शिकवली. कोणी म्हणालं बुटाच्या डब्यातल्या पुड्या टाक, टाकल्या. कोणी म्हणालं केस वाळवायचं मशीन लाव... सरिताने ब्युटी पार्लरवालीकडून आणलं आणि मी अंगणात खुर्ची टाकून अर्धा तास हेडलाइटचे केस वाळवले. येणारे-जाणारे थांबून बघत होते. एकाने विचारलं की भाऊ, वेणी कधी घालता. एका मास्तरने सांगितलं, मागची हवेची नळी उघडी ठेव. ठेवली. दुसऱ्या मास्तरने सांगितलं, बंद कर. बंद केली. पाणी दोन्ही वेळा आलं.

आणि मग मी तो मूर्खपणा केला, जो आमच्या धानाच्या मुलखातला माणूसच करू शकतो. ओला झालेला मोबाइल तांदळात ठेवतात हे ऐकलं होतं. नोव्हेंबरात कापणी-मळणी झाली, घरी धानाची पोती आली. मी दिवा काढला आणि एका पोत्यात मधोमध खुपसून ठेवला. दोन दिवसांनी काढला तर आधीपेक्षा जास्त पाणी, काचेवर धार. बाबा ओसरीवर बसून बघत होते. त्यांनी पोत्यातला एक दाणा उचलून दाताखाली धरला. आमच्याकडे म्हातारी माणसं असाच ओलावा बघतात. वाळलेला दाणा कट्‌ करून तुटतो, ओला नुसता चेपतो.

"बापू, हा धानच ओला हाये," बाबा म्हणाले. "दुसऱ्याचा असता त तू वापस केला असता."

ते तीन-चार मिनिटं हसले. आजारपणात इतकं हसलेलं मी त्यांना पाहिलं नव्हतं, पण तेव्हा मला फक्त राग आला होता. लोका सांगे ब्रह्मज्ञान! मी दिवा पुसून परत बसवला आणि दोन दिवस त्यांच्याशी नीट बोललो नाही.

इथपर्यंत काही अमानवीय नव्हतं. पुढचं डिसेंबरमध्ये सुरू झालं.

एका मंगळवारी निघताना बाबा गाडीच्या पुढे जाऊन उभे राहिले. वाकून उजवा दिवा बघितला आणि म्हणाले, आज सव्वादोन भरन पाय, म्हणजे भरेल बघ. मी हो हो म्हणत त्यांना आत बसवलं. गोंदियाला वजन केलं तर सव्वादोन किलो जास्त. शुक्रवारी पुन्हा वाकले, म्हणाले दीड. दीडच भरलं. सिस्टरला गंमत वाटली. तिने विचारलं की बाबा, घरी काटा आणला का? बाबा म्हणाले, "काटा नाही बाई. दिवा सांगून राहिला."

माझं स्पष्टीकरण तयार होतं. त्यांना पायाच्या सुजेवरून अंदाज येतो आणि ते दिव्याचं नाव घेतात. पण मी ग्रेडर आहे, मोजल्याशिवाय राहवत नाही. त्या हेडलाइटच्या आत खालच्या बाजूला प्लास्टिकच्या तीन आडव्या रेघा होत्या. कंपनीने कशाला ठेवल्या देव जाणे. मी बाबांना दिवा न दाखवता गाडीत बसवू लागलो आणि स्वतः बघू लागलो. पाणी पहिल्या रेघेला असलं तर एक किलो. दुसऱ्या रेघेला, दोन. मधोमध असलं तर दीड. परत येईपर्यंत दिवा कोरडा. त्याचंही स्पष्टीकरण माझ्याकडे होतं — बल्बची उष्णता. पण जाताना अंधारात बल्ब पेटलेला असायचा तेव्हा काही वाळत नव्हतं आणि येताना दिवसाउजेडी तो बंदच असायचा, हे मी सोयीस्कर विसरत होतो.

मला भीती वाटली का? खरं सांगतो, नाही. माझं डोकं फिरलं. आधीच नोकरी, हॉस्पिटल, डिझेल, औषधं यात नाकी नऊ आलेले, आणि हा एक काचेचा डबा मला शहाणपणा शिकवून राहिला होता. जानेवारीत मी नवा हेडलाइट आणला. बॉक्समधून काढलेला, करकरीत. राजूभाईने बसवला. आठवड्यात त्यातही पाणी, त्याच रेघांना. जुना दिवा राजूभाईच्या फळीवर कोरडा ठणठणीत पडून होता. राजूभाईने माझ्यासमोर हात जोडले. म्हणाला, "साहब, ये मेरे बस का नहीं है. गाड़ी बेच दो."

महाशिवरात्रीला सरिता आमच्या भागातल्या प्रतापगडच्या जत्रेला गेली, तिथे महादेव आणि दर्गा दोन्ही आहेत. येताना महादेवाची विभूती आणि दर्ग्याचा धागा असा दोन्हीकडचा विमा घेऊन आली. विभूती बोनेटवर लावली, धागा दिव्याच्या मागच्या क्लिपला बांधला. मी तो राहू दिला, कारण एव्हाना माझ्याही सगळ्या युक्त्या संपल्या होत्या. त्या शुक्रवारी पाणी दुसऱ्या रेघेला होतं आणि वजन दोन किलो.

मार्चपासून ऊन तापलं आणि बाबांची तहान वाढली. पाऊण लिटर म्हणजे आमच्या उन्हाळ्यात काय होतं? ते चोरून पाणी पिऊ लागले. कधी हात धुवायच्या नळाला तोंड लावायचे, कधी गाईच्या बादलीतून ओंजळ घ्यायचे. आधी मला कळायचं नाही. आता कळायला लागलं, कारण दिवा होता. सकाळी उठून मी आधी गाडीपाशी जायचो. पाणी दुसऱ्या रेघेच्या वर दिसलं की घरात येऊन विचारायचो, काल कुठे प्यालात? बाबा आधी नाही म्हणायचे. मी म्हणायचो, दिवा बघितला मी. मग ते मान खाली घालायचे.

ज्या गोष्टीवर माझा विश्वास नव्हता तिला मी घरात पोलीस म्हणून बसवलं होतं. हे लिहिताना मला लाज वाटते. पण तेव्हा मला वाटायचं मी बाबांना जगवतोय. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, पाणी छातीत चढलं तर हातात काही राहणार नाही. मला बाबा जायला नको होते, एवढंच होतं. म्हणून मी माठ आतल्या खोलीत नेला, खोलीला कडी घातली, नळाची तोटी काढून ठेवली. सरिता सासऱ्यांना मामाजी म्हणते. ती एकदा म्हणाली की मामाजी माणूस आहेत, धान नाही, रोज ओलावा काय बघता. मी तिच्यावरही ओरडलो.

बाबांनी दिव्याकडे बघणंच सोडलं. डिसेंबरात ज्याच्यापुढे वाकून हसायचे त्याच्याकडे पाठ करून गाडीत बसू लागले. एकदा पडवीत सरिताला सांगत होते, "तो दिवा माह्या चहाड्या सांगते त्याले."

मे महिन्यातला तो मंगळवार. मशीनच्या काही अडचणीमुळे हॉस्पिटलने सकाळऐवजी दुपारचा नंबर दिला होता. सकाळी मी गाडीपाशी गेलो आणि थांबलो. पाणी तिसऱ्या रेघेच्याही वर. बल्ब अर्धा बुडालेला. इतकं कधीच नव्हतं. चार किलो, माझ्या हिशेबाने. चार लिटर पाणी अंगात म्हणजे मरण. मी तसाच घरात गेलो आणि बाबांना अंगणात आणून शेजाऱ्यांच्या देखत नको नको ते बोललो. तुम्हाला जगायचं नाही का, माझी रजा जाते, माझं रक्त आटतं आणि तुम्ही रात्रभर पाणी ढोसता. असंच बरंच काही.

बाबा भिंतीला धरून उभे होते. म्हणाले, "कायले वरडून राहिलास, बापू? दोन दिवसापासून घोटभर पानी नाही पेलो मी. पोट बिघडलं हाये माह्यं. तुह्या मायची शपथ."

आईची शपथ ते कधी घेत नसत. सरिता मधे पडली. तिने सांगितलं की मामाजींना खरंच दोन दिवस जुलाब होताहेत, आणि त्यांची जीभ बघा, सुकून गेली आहे. मी तिला म्हणालो, जीभ कशाला, दिवा बघ. त्यांचा सकाळचा चहाही मी दिला नाही. दिवसाच्या बाटलीला हात लावू दिला नाही.

दहा वाजता निघालो. गाडीत एसी नव्हता, खिडक्यांतून भट्टीसारखी हवा. कोहमाऱ्याला राजूभाईच्या दुकानासमोर गाडी उभी केली आणि त्याला म्हणालो, हे पाणी आत्ताच्या आत्ता काढ, मला याचं तोंड बघायचं नाही. तो पाना घेऊन बसला. बाबा पुढच्या सीटवर डोळे मिटून होते. मी दार उघडलं तेव्हा म्हणाले, "बापू, ओठ तेवढे ओले कर."

मी म्हणालो, आता तासाभराचाच प्रश्न आहे.

राजूभाईने दिवा उपडा केला. भळकन पाणी रस्त्यावर पडलं आणि बघता बघता डांबरावर वाळून गेलं. आम्ही निघालो.

गोंदियाला सिस्टरने वजन केलं. मी आधीच सांगून टाकलं की आज चार किलो आहे, डॉक्टरांना बोलवा. तिने काटा बघितला, बाबांना उतरवलं, परत चढवलं. मग माझ्याकडे बघितलं. वजन वाढलं नव्हतं. मागच्या वेळी मशीनवरून उतरले त्याच्याही पेक्षा दीड किलो कमी होतं. डॉक्टर आले, बाबांच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली, ती तशीच उभी राहिली. त्यांनी मला विचारलं, "यांचं पाणी कोणी बंद केलं?"

लगेच सलाइन लावलं. ज्या माणसाच्या अंगातून एक वर्ष पाणी काढत होते त्याच्या अंगात थेंब थेंब पाणी घालत होते. पण बीपी वर आलं नाही. संध्याकाळी हृदय थकलं म्हणाले, आणि बुधवारी सकाळी बाबा गेले.

डॉक्टरांनी मला नंतर बाजूला घेऊन समजावलं की जुलाब, उन्हाळा, वय, आधीच दमलेलं हृदय... एका कारणावर बोट ठेवता येत नाही. ते भले आहेत. मी पोत्यामागून पोतं तपासणारा माणूस आहे. एका मशीनवर शंका आली तर दुसरं मशीन लावतो, तेही नसलं तर दाणा दाताखाली धरतो. घरात मात्र बापाची जीभ बघायला सांगितलं तर मी दिवा बघ म्हणालो.

त्या मंगळवारनंतर हेडलाइटमध्ये पाणी आलं नाही. तेरवीच्या दिवशी बघितला, कोरडा. त्या वर्षीचा पावसाळा आमच्याकडे झोडपून काढणारा होता, गाडी दोन महिने अंगणात उघड्यावर उभी होती, तरी काच स्वच्छ. दिवाळीनंतर गाडी गोंदियाच्या एका माणसाला विकली. तो अजून अधूनमधून भेटतो. मी दरवेळी विचारतो की उजव्या दिव्याचा काही त्रास? त्याला वाटतं मी विकताना काही लपवलं होतं. तो म्हणतो, काहीच नाही.

या गोष्टीचं स्पष्टीकरण मी अनेकांना विचारलं. दिवा सहा महिने बरोबर का सांगत होता, ते कोणाला सांगता आलं नाही. आणि नेमका त्याच दिवशी खोटं का बोलला... की ते पाणी दुसरंच काही सांगत होतं आणि वाचायला मीच चुकलो, तेही माहीत नाही. सरिताचं म्हणणं वेगळं आहे. ती म्हणते, मामाजींच्या अंगातलं पाणी त्या दिवशी बाहेर दिव्यात जाऊन बसलं होतं. आणि राजूभाई त्या गाडीचं नाव काढलं की दुसऱ्या विषयावर जातो.

पण एक गोष्ट मी तिलाही सांगितलेली नाही. कोहमाऱ्याला राजूभाई दिवा उघडत होता तेव्हा मला स्वतःलाच तहान लागली होती. पाण्याची भरलेली बाटली डिकीत होती. बाबांना दिसू नये म्हणून मी गाडीच्या मागे गेलो, डिकी उघडून तिच्या आड वाकलो आणि अर्धी बाटली गटागटा प्यालो. तोंड पुसून, बाटली ठेवून, डिकी लावून पुढे आलो. बाबांची खिडकी उघडी होती आणि त्यांचे डोळे बाहेरच्या आरशावर होते. त्या आरशात गाडीची मागची बाजू पूर्ण दिसत होती.

मला वाटलं आता ते बोलतील, आणि मी उत्तर जुळवू लागलो. ते एवढंच म्हणाले, "पुरं पेऊन घे, बापू. ऊन बम हाये."

त्यानंतर गोंदियापर्यंत ते काही बोलले नाहीत, आणि हॉस्पिटलमध्ये बोलण्यासारखे राहिले नाहीत.